पाट, फळी आणि पाणी

आमच्या घरच्या गणपतीचा पाट सागवानी आहे. त्याच्या एका कडेला वीतभर भेग आहे आणि आजोबांनी चाळीसेक वर्षांपूर्वी तिच्यात भरलेलं लुकण अजून घट्ट बसलेलं आहे. ही भेग माझी. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. गौरीगणपतीच्या विसर्जनाला चाळीतले सगळे गिरगाव चौपाटीवर गेलो होतो. वाळूवर आरती झाली, वडिलांनी कंबरभर पाण्यात जाऊन मूर्ती सोडली आणि रिकामा पाट माझ्या हातात दिला, त्याच्यावर मूठभर वाळू घालून घरी न्यायची म्हणून. वाळू नंतर. मागून एक बऱ्यापैकी लाट येताना दिसली, पाट छातीखाली घेतला आणि मी आडवा झालो. अंतर पाच-सहा हात असेल. पण तेवढ्यात पाण्याने मला उचललं, ढकललं आणि काठावर नेऊन आपटलं. पाटाची कड वाळूत रुतली आणि लाकूड तडकल्याचा आवाज मला ढोल-ताशातही स्वच्छ ऐकू आला. पुढे घरी दोन वेगवेगळे हिशेब झाले. आईने देवाचा पाट पोटाखाली घेतल्याबद्दल मारलं, आजोबांनी सागवान फोडल्याबद्दल.

बरीच वर्षं मला वाटत होतं की हा आपला एकट्याचाच व्रात्यपणा. मग अगाथा ख्रिस्तीचं आत्मचरित्र हाती आलं. १९२२ साली ही बाई नवऱ्याबरोबर जगप्रवासाला निघाली होती आणि दक्षिण आफ्रिकेत म्युझनबर्गच्या किनाऱ्यावर पातळ लाकडी फळी पोटाखाली घेऊन लाटांवर घसरत होती. पुढे होनोलुलूला जाऊन ती फळीवर उभं राहायलाही शिकली. पोटाखाली घ्यायच्या आखूड फळीला हवाईत ‘पाइपो’ म्हणतात आणि तिथली पोरं पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावरच पहिले धडे घेतात. म्हणजे माझी चूक एवढीच, की मी फळी भलत्या ठिकाणाहून उचलली होती.

भलत्या तरी कशाला म्हणा. हवाईच्या जुन्या लोकांचा फळी घडवण्याचा विधी वाचला तेव्हा मला आमचाच पाट आठवला. झाड निवडायचं, त्याच्या बुंध्याशी ‘कुमू’ नावाचा लाल मासा ठेवायचा, मग झाड पाडायचं. मुळाशी राहिलेल्या खड्ड्यात प्रार्थना म्हणून तो मासा पुरायचा आणि त्यानंतरच लाकडाला हत्यार लावायचं. प्रवाळाच्या तुकड्यांनी आणि खरबरीत दगडांनी घासून फळी गुळगुळीत करायची, झाडांच्या साली-मुळांच्या रसाने रंगवायची, तेल पाजायचं. वापरून झाली की वाळवून, कापडात गुंडाळून घरात टांगायची. आमच्याकडे गणपतीच्या आधी महिना-दीड महिना पाट धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून चित्रशाळेत नेऊन द्यायची रीत होती. तुमच्या पाटावर तुमची मूर्ती. पाटामागे खडूने आडनाव आणि खोलीचा नंबर. पुढे साच्यातून काढलेल्या तयार मूर्ती दुकानातून आणायची सवय झाली आणि पाट फक्त आणायला-न्यायला उरला.

* * *

मुंबईला समुद्र आहे, लाटा आहेत, पोहणारे आहेत, मग सर्फिंग का नाही, असं परदेशी पाहुणे विचारतात. उत्तर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसूनही मिळतं. मुंबईसमोर समुद्राखालची खंडभूमी देशात सगळ्यांत रुंद आहे, तीनशे किलोमीटरच्या आसपास. इतका लांब उथळ तळ घासत येणारी लाट किनाऱ्याला लागेस्तोवर दमते. हिवाळ्यात तर चौपाटीवर पाणी तळ्यासारखं पडलेलं असतं. पावसाळ्यात लाट येते, पण ती नैऋत्येचा वारा पाठीवर घेऊन, विस्कटलेली, चहाच्या रंगाची, आणि ती आपटते ती टेट्रापॉडवर. त्यात भरती-ओहोटीतला फरक उधाणाला पाच मीटरपर्यंत जातो. सकाळी जिथे गळाभर पाणी तिथे दुपारी चिखल.

माझ्या मते आणखी एक कारण आहे आणि ते होडीत आहे. पूर्व किनाऱ्यावर मद्रासकडे समुद्र सरळ येऊन वाळूवर फुटतो. मासेमारीला जायचं तर फुटणाऱ्या लाटांची भिंत ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून तिकडे ओंडके दोरीने बांधून केलेलं ‘कट्टुमरम’ निघालं. ते बुडत नाही, उलटलं तरी बिघडत नाही आणि परत येताना लाटेवर बसून किनाऱ्याला लागतं. इंग्रजांनी त्याचं ‘कॅटमरान’ केलं. त्याच किनाऱ्यावरच्या कोळ्यांची पोरं आज भारतातली उत्तम सर्फर आहेत, ह्यात नवल काही नाही. आपल्याकडे कोकणात मात्र खाड्या आहेत. वरळी, माहीम, माझगाव, सगळीकडे होडी आडोशाच्या पाण्यात तरंगते आणि शांतपणे बाहेर पडते. लाट फोडायची वेळच येत नाही. शिवाय ज्या दोन महिन्यांत लाटा खऱ्या उठतात, त्या जून-जुलैत मासेमारी बंद. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ सोडेपर्यंत समुद्राच्या वाटेला जायचं नाही, हा नुसता सरकारी नियम नाही, कोळीवाड्याचं जुनं शहाणपण आहे. समुद्र ज्यांना सगळ्यांत जास्त कळतो ती माणसं लाटांच्या मोसमात जाळी विणत घरी बसलेली.

भारतात आधुनिक सर्फिंग रुजलं ते कर्नाटकात मुल्कीला, ‘सर्फिंग स्वामी’ म्हणून ओळखले गेलेले अमेरिकन साधू जॅक हेब्नर यांच्या आश्रमाभोवती, आणि तमिळनाडूत कोवलम-महाबलीपुरमला. ऑगस्ट २०२५मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळने कांस्यपदक मिळवलं. मुंबईकर पोरं हल्ली विरार लोकलने नालासोपाऱ्याला उतरून राजोडीच्या किनाऱ्यावर शिकायला जातात. भाड्याने मिळणारी शिकाऊ फळी मऊ फोमची असते, तिच्यावर पडलं तरी लागत नाही. मीही एकदा गेलो. पन्नाशी उलटल्यावर जे व्हायचं तेच झालं, त्याबद्दल अधिक लिहीत नाही. पण फळी हातात घेतल्यावर मी दचकलो ते तिच्या हलकेपणाला. इतका मोठा ऐवज आणि काखेत मारून चालता येतो. आणि बोटाने टकटक केल्यावर जो आवाज आला तो मला ओळखीचा होता. तो लालबागचा आवाज होता.

* * *

नव्वदच्या दशकात मी एका मित्राबरोबर लालबागच्या एका गाळ्यात मखरं कापायला जायचो. पैसे फारसे मिळत नसत, पण वडापाव आणि रात्री जागायची परवानगी मिळे. थर्माकोलचा चार बाय दोनचा शीट टेबलावर ठेवायचा. वर लाकडी धनुष्यासारखी चौकट, तिच्यात ताणून बांधलेली नायक्रोमची तार, दोन टोकांना वायर आणि खाली ट्रान्सफॉर्मर. बटण दाबलं की तार मंद तापते. लाल होऊ द्यायची नाही. लाल झाली तर थर्माकोल वितळून ओघळतो आणि कड जळकी येते. हात थांबवायचा नाही, थांबला की तिथे खळगा पडतो. घाई केली तर तार मागे वाकते आणि महिरप तिरकी जाते. तारेच्या वेगाने आपण चालायचं, आपल्या वेगाने तारेला ओढायचं नाही, हे आमच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी मानेवर टपली मारून शिकवलं होतं. गाळ्यात गोडसर, डोक्यात जाणारा वास भरलेला असे आणि पांढरे मणी केसांत, चहात, अंथरुणात, दिवाळीपर्यंत सापडत.

कॅलिफोर्नियात सर्फबोर्डचा गाभा असाच कापतात. थर्माकोलचा मोठा ठोकळा, दोन बाजूंना लाकडी नमुने आणि मधून चालणारी तापलेली तार. मग ‘शेपर’ म्हणजे फळीला घाट देणारा कारागीर तिच्यावर रंधा चालवतो, जाळीने घासतो आणि खोलीच्या दोन्ही भिंतींवर आडव्या लावलेल्या ट्यूबलाइटच्या उजेडात कडेची सावली पाहून चढउतार ओळखतो. नाकाकडे किती उचल हवी, कड कुठे गोल आणि कुठे धारदार, पोट किती भरलेलं, हे आकडे असतात, पण शेवटचा निर्णय तळव्याचा. लालबाग-परळच्या कारखान्यात मूर्तीचं पोट आणि सोंड पॉलिश पेपरने घासणारे कारागीर असंच डोळे अर्धवट मिटून तळवा फिरवतात. डोळ्यांना जे दिसत नाही ते हाताला लागतं.

मार्च २०१८मध्ये राज्याने प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आणली. सजावटीपुरती सूट मिळावी म्हणून व्यापारी उच्च न्यायालयात गेले, ती जुलैत नाकारली गेली आणि लालबागच्या गाळ्यांतली ती तापलेली तार थंड पडली. गोदामांत माल पडून राहिला, कर्जं अंगावर आली, हे विसरून चालणार नाही. पण धंदा उठला नाही. पुठ्ठा आला. नानासाहेब शेंडकरांसारखे कलादिग्दर्शक आधीपासूनच पुठ्ठ्याची, घडी घालून ठेवता येणारी मखरं करत होते आणि लोक त्यांच्याकडे कौतुकाने पाहून थर्माकोलच विकत घेत होते. आता इतरांनी पुठ्ठ्यात खाचा पाडायला आणि एकात एक अडकवायला सुरुवात केली. गंमत अशी, की माइक शेल्ड्रेक नावाच्या कॅलिफोर्नियातल्या एका माणसाने सर्फबोर्डचा गाभा ह्याच पद्धतीने केला आहे. नालीदार पुठ्ठ्याच्या पट्ट्या, खाचांत खाचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं जाळं आणि वरून पारदर्शक कवच. त्याचे फोटो लालबागमध्ये दाखवले तर लोक विचारतील, ह्याच्यात मूर्ती कुठे बसते?

* * *

हलकेपणाची ही हाव दोन्हीकडे आली कुठून, हे पाहण्यासारखं आहे.

हवाईच्या सरदारांच्या ‘ओलो’ फळ्या पंधरा-सोळा फूट लांब असत. होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये पाकी नावाच्या सरदाराची एक आहे, तिचं वजन एका मोठ्या माणसाएवढं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ड्यूक कहानामोकू ज्या फळ्या जगभर घेऊन फिरला त्याही भरीव लाकडाच्या. टॉम ब्लेक नावाच्या पोहणाऱ्याने १९२६च्या सुमारास त्या जुन्या फळ्यांची नक्कल करताना एक शक्कल काढली. भरीव फळीला शेकडो भोकं पाडली, लाकूड वाळू दिलं, वरून पातळ पापुद्रा चिकटवला. फळी पोकळ आणि हलकी झाली. मग बाल्सा लाकूड आलं, मग पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेनचा फोम आणला. साच्यात ओतला की फुगतो, घट्ट होतो, घासून आकार द्यायचा, वर काचतंतूचं कापड आणि पॉलिएस्टर रेझिन. फळी इतकी हलकी झाली की शाळकरी मुलगी ती उचलू लागली, आणि सर्फिंग मूठभर दांडग्यांच्या हातून सुटून लाखो लोकांचं झालं. हे विसरून नुसतं फोमला शिव्या घालणं मला पटत नाही.

लालबागमध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसने हेच केलं. शाडू जड. मोठी मूर्ती सावलीत, सावकाश वाळवावी लागते. घाई केली की तडा जातो आणि उंच केली की स्वतःच्या वजनाने बसते. मूर्तिकाराचा जून-जुलै म्हणजे आभाळाकडे बघत बसणं. प्लास्टरमध्ये पाणी घातलं की पंधरा-वीस मिनिटांत दगड. साच्यात काथ्याबरोबर पातळ थर दिला की आत पोकळ, बाहेर भरदार. १९७७मध्ये गणेश गल्लीच्या मंडळाचं सुवर्णमहोत्सवी वर्ष होतं. दीनानाथ वेलिंगांनी तिथे बावीस फुटी मूर्ती उभी केली आणि गिरणगावाची मान जी वर झाली ती खाली आलीच नाही. पुढे परळच्या कारखान्यात विजय खातूंनी उंचीला देखणेपण दिलं. इतक्या उंचावरून खाली पाहणारे डोळे भाविकाच्या डोळ्यांना भिडले पाहिजेत, हा काही साधा हिशेब नाही. मूर्तीच्या पायाशी उभं राहिल्यावर ज्या डोळ्यांत आपण दिसतो, ते परांचीवर चढून जवळून पाहिले तर वेडेवाकडे दिसतात. २०१७च्या जुलैत खातू गेले, ऐन हंगामात. त्यांची मुलगी रेश्मा खातूंनी तो कारखाना पुढे चालवायला घेतला.

दोन्ही धंद्यांत पाण्याचा हिशेब मात्र उलटासुलटा झाला, आणि मला हे सगळं लिहावंसं वाटलं ते त्यासाठीच. फळी टिकायला हवी, ती पाण्यात जाऊन रोज परत येणारी वस्तू. मूर्ती विरघळायला हवी, ती एकदाच जाणारी. लाकडाची फळी टिकत होती, शाडूची मूर्ती विरघळत होती. फोमची फळी हंगामभरात कंबरेत मोडते आणि मग शेकडो वर्षं कुजत नाही. प्लास्टरची मूर्ती विरघळायच्या वेळी विरघळत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात-सोंड गळालेल्या अवस्थेत ओहोटीच्या चिखलात उघडी पडते. ते दृश्य पाहिलेला माणूस पर्यावरणाचं एक पत्रकही न वाचता अस्वस्थ होतो.

रसायनशास्त्र विचाराल तर गोष्ट थोडी अवघड आहे, आणि सोपी करून सांगणाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी घोळ घातला आहे. प्लास्टर म्हणजे भाजलेलं जिप्सम, कॅल्शियम सल्फेट. ओलं झाल्यावर ते पुन्हा जिप्सम होतं. लिटरभर पाण्यात ते जेमतेम दोन ग्रॅम विरघळतं. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि सल्फेट मुळातच असतात, त्यामुळे ‘विष’ हा शब्द जिप्समपेक्षा मूर्तीवरच्या रंगांना, त्यांतल्या जड धातूंना अधिक लागू पडतो. तळ्यात आणि विहिरीत मात्र तेच जिप्सम तळ लिंपून टाकतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ह्याच्यावर एक साधा तोडगा काढला आणि २०१६पासून तो महापालिकेमार्फत घरोघर गेला. बादलीत अमोनियम बायकार्बोनेट, म्हणजे बेकरीवाले वापरतात तोच खाण्याचा क्षार, घालून त्यात मूर्ती ठेवायची. दोन-तीन दिवसांत मूर्तीची चुनखडी होते आणि वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं, झाडांना घालण्याजोगं खत. घरच्या मूर्तीला हे झकास. अठरा फुटांच्या मूर्तीला बादली कुठून आणणार?

आणि शाडूही धुतल्या तांदळाचा नाही. मुंबईत येणारी ही माती बहुतेक गुजरातेतून, भावनगरकडून ट्रकांनी येते. तीही कुणाच्या तरी जमिनीवरून उचललेली. पाण्यात विरघळते, म्हणजे नाहीशी होत नाही, तळाला बसते. इतकं असूनही निकदवरी लेनमधला गिरगावचा राजा भलामोठा असून शाडूचा असतो, हे मी आवर्जून सांगतो, कारण ‘मोठं म्हणजे प्लास्टरच’ हे वाक्य परळच्या नाक्यावर फार ठामपणे ऐकू येतं. आणि गिरगावातच खाडिलकर रोडवर केशवजी नाईकांच्या चाळीत, जिथे १८९३पासून सार्वजनिक गणपती बसतो, तिथली छोटीशी मूर्ती आजही पालखीतून निघते. लाउडस्पीकरशिवाय. मुंबईतल्या पहिल्या सार्वजनिक गणपतीला उंचीची गरज कधी पडली नाही, ह्याचा विचार करत मी त्या चाळीच्या चौकात बराच वेळ उभा होतो.

* * *

कागदावरची लढाई मोठी आहे, मी ती थोडक्यात सांगतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १२ मे २०२०ला प्लास्टरच्या मूर्तींना बंदी करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. कोविडच्या साथीमुळे ती पुढे ढकलली गेली. त्या दोन वर्षांत सरकारने मंडळांना चार फुटांची मर्यादा घातली. लालबागच्या राजाच्या मंडळाने २०२०ला मूर्तीच बसवली नाही, रक्तदान-प्लाझ्मादान केलं. जानेवारी २०२५च्या अखेरीस उच्च न्यायालयाने बंदी काटेकोरपणे राबवायला सांगितलं. त्याचा पहिला फटका माघी गणपतींना बसला. पश्चिम उपनगरांतल्या काही मोठ्या मूर्ती विसर्जनाविना कापडाखाली झाकून महिनोन्‌महिने राहिल्या. मूर्तिकारांच्या बाजूने प्रश्न पोटाचा होता. जूनमध्ये, डॉ. अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या अहवालानंतर, मूर्ती घडवण्यावरची बंदी उठली. २४ जुलैला न्यायालयाने सांगितलं, सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावांत, त्याहून मोठ्या मार्च २०२६पर्यंत समुद्रात चालतील.

म्हणजे समुद्रात जाणार होत्या त्या मोठ्याच. हा निकाल वाचून मला हसू आलं हे कबूल करतो.

कॅलिफोर्नियातही कागदाने धंदा एकदा हादरवला होता. क्लार्क फोम ही कंपनी अमेरिकेतल्या बहुतेक शेपरना फोमचे ठोकळे पुरवत असे. विषारी रसायनांवरचे नियम आणि त्यांची भीती, ह्या कारणांनी गॉर्डन क्लार्कने ५ डिसेंबर २००५ला एका दिवसात कारखाना बंद केला आणि साचेही मोडून टाकले. सर्फर त्या दिवसाला ‘ब्लँक मंडे’ म्हणतात. फोम मिळेना म्हणून लोक इतर गोष्टींकडे वळले. थर्माकोल आणि इपॉक्सी, बाल्सा, वजनाला हलकं आणि खाऱ्या पाण्याला टिकणारं पॉलोनिया लाकूड, झाडांच्या तेल-राळेतून काही अंशी काढलेलं रेझिन. पोकळ लाकडी फळ्या करणारे पुन्हा दिसू लागले. आत होडीसारख्या फासळ्या, वर पट्ट्या. एक फळी करायला दिवसाचं काम आठवड्यांवर जातं आणि किंमतही वाढते. पण ती नातवापर्यंत जाते.

हे पर्यायाचं गणित परळमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शाडूची मूर्ती करायची तर जागा जास्त, वेळ जास्त, नेताना धोका जास्त, म्हणून दर जास्त. आणि गिऱ्हाईक आधी दर विचारतं, मग माती कुठली ते. मुंबई महापालिकेने मूर्तिकारांना शेकडो टन शाडू मोफत दिली, मंडपांना जागा दिल्या. पण मूर्तिकाराला माती मोफत हवी असते त्याहून अधिक वेळ हवा असतो, आणि वेळ मोफत वाटता येत नाही. नोंदणी मे महिन्यात करा, दोन फुटांवर समाधान माना, मूर्तीला एखादा बारीक तडा असला तर तोंड वाकडं करू नका. एवढं गिऱ्हाइकाने केलं तर निम्मा प्रश्न सुटेल, असं मला कारखान्यांत हिंडताना वाटत राहिलं.

* * *

मुंबईत लाटेशी खरीखुरी झुंज बघायची तर सर्फर शोधू नयेत. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गिरगाव चौपाटीवर जावं. लालबागचा राजा तिथे तराफ्यावर चढतो आणि होड्यांच्या साथीने खोल पाण्यात नेला जातो. १९३४मध्ये लालबागच्या कोळी आणि व्यापारी लोकांनी हक्काच्या बाजारासाठी नवस बोलून हा गणपती बसवला, त्यामुळे त्याच्या विसर्जनात कोळ्यांचा हात असणं हे नुसतं सोयीचं नाही, हक्काचंही आहे. तराफा म्हणजे शेवटी एक मोठी फळीच. तिला लाटही लागते आणि तळही लागतो. पाणी कमी असेल तर ती वाळूत बसते, जास्त असेल तर मूर्ती आणि फळी एका पातळीला येत नाहीत. मधली एखाद-दोन तासांची वेळ गाठली तरच जमतं.

२०२५ला ती वेळ हुकली. ६ सप्टेंबरला निघालेली मिरवणूक ७ तारखेला सकाळी चौपाटीवर आली तेव्हा भरती चढू लागली होती. तराफा नवा, यांत्रिक, पूर्वीपेक्षा मोठा. पाणी वाढत गेलं, मूर्तीची ट्रॉली पाण्यातच अडकली, तराफा वरखाली हलतोय आणि दोन्ही एका पातळीला येत नाहीत. मी कठड्याशी उभा होतो. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या कोळी बाबांनी घड्याळाकडे पाहिलंच नव्हतं. त्यांची नजर टिळकांच्या पुतळ्यासमोरच्या वाळूवर होती, ओली रेघ कुठवर आलीय त्याच्यावर. आता सुकती लागल्याशिवाय काही होत नाही, दुपार टळू दे, असं ते म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले. ओहोटी लागल्यावर सायंकाळी मूर्ती तराफ्यावर चढली, विसर्जन झालं तेव्हा रात्रीचे नऊ वाजत आले होते. टीव्हीवर दिवसभर दोष कुणाचा ह्यावर चर्चा चालली. चौपाटीवर त्या चर्चेचा आवाज येत नव्हता. छातीभर पाण्यात तासन्‌तास उभे असलेले कार्यकर्ते आणि कोळी मूर्तीला आधार देत होते, लाट आली की सगळे मिळून किंचित वर उचलले जात होते आणि परत खाली येत होते. पायाखाली पाकट असू शकतो हे त्यांना माहीत होतं. २०१३ला ह्याच चौपाटीवर पाकटांनी कित्येक भाविकांना डंख मारले होते.

* * *

आमचा गणपती सहा फुटांच्या खूप आतला, एक फुटी, शाडूचा. २०२५ला नियमाप्रमाणे चौपाटीवरच्या कृत्रिम तलावाशी रांग लावली. आरती झाल्यावर स्वयंसेवकाने मूर्ती हातांतून अलगद घेतली, तीनदा पाण्यात बुडवली आणि सोडली. सगळं नीट, स्वच्छ, पाच मिनिटांत. पाट परत माझ्या हातात आला तो कोरडा.

वाळू मात्र समुद्राचीच हवी, ह्यावर आमच्या वहिनी ठाम. म्हणून पुतण्याला घेऊन पाण्याच्या कडेला गेलो. भरती होती. तो दहा वर्षांचा. पाट त्याच्या हातात होता, भेगेतल्या लुकणावरून अंगठा फिरवत तो विचारत होता, काका, हे कसं फुटलं? मी सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं. त्याने पाट छातीशी धरला, येणाऱ्या लाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

मी पाठ फिरवून भेळवाल्याच्या गाडीकडे बघत उभा राहिलो.